ओटा कोणाचा?

मी आमच्या जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत लिपिक आहे. कुठल्या, ते विचारू नका. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, आणि पुढच्या लग्नात मला कोपऱ्यात गाठून "आमचं नाव का नाय घातलंस?" असं विचारतीलच. म्हणून कुणाचंच नाव घालत नाही. भांडण नको.

माझं काम सभेचं इतिवृत्त लिहायचं. महिन्याला एकदा सर्वसाधारण सभा भरते. नगराध्यक्ष मधे, त्यांच्या बाजूला मुख्याधिकारी साहेब, समोर नगरसेवक, आणि खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर मी. सगळे बोलतात, मी लिहिते. मी बोलायचं नाही, हा नियम. माझ्या नाकावर राग बसलेला असतो हे माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा मला असं तोंड मिटून तीन-तीन तास बसवणं ही शिक्षाच समजा. मागे अर्थसंकल्पाच्या सभेत अख्ख्या गावाच्या पाणी योजनेचा विषय चहा येईपर्यंत मंजूर झाला, आणि तलावाजवळचा दिव्याचा खांब डावीकडे लावायचा की उजवीकडे, यावर दोन तास गेले. मी मनात म्हटलं, अरे देवा, मधेच लावा ना तो खांब! पण लिहिलं काय? "विषयावर सविस्तर चर्चा झाली."

तर अशाच एका सभेत जुनी मंडई पाडून तिथे नवी इमारत बांधायचं ठरलं. पत्रे गळत होते, गटार तुंबायचं, पावसात गुडघाभर पाणी. नव्या इमारतीत भाजी-फुलांचा विभाग वेगळा, मासळीचा वेगळा, मधे भिंत, दोन्हीकडे नळ, वर पंखे. नकाशा भिंतीवर लावला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, मीपण डोलावली. मनातून तर मी टाळ्याच वाजवत होते, कारण त्या मंडईत माझी आई बसते.

माझी आई इथल्या किनाऱ्यावरच्या दांडी गावची. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या दर्याचंच काम. माझं लग्न होऊन मी बोईसरला आले, नोकरीला लागले, पण आईने काही पाटी खाली ठेवली नाही. सकाळी होड्या लागल्या की बंदरावर माल घ्यायचा, निवडायचा, बर्फ मारायचा, रिक्षाने बोईसर, तिथून एसटी, आणि दुपारी तीनच्या ठोक्याला मंडईत हजर. ऑफिस सुटायच्या वेळी आमचेच साहेब लोक तिच्यापुढे वाकून "मावशी, कोळंबी ताजी ना?" विचारतात आणि ती त्यांना "मग काय तुमच्या फायलीसारकी शिली आसल?" असं सगळ्यांसमोर ऐकवते. मला ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात भोगावं लागतं.

आता तिच्या ओट्याची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या ओट्यावरून झालं.

जुन्या मंडईत जागा कमी, बसणाऱ्या बायका जास्त. म्हणून बऱ्याच ओट्यांवर दोघी-दोघी बसायच्या, एक सकाळी, एक दुपारी. बहुतेक ठिकाणी नणंद-भावजय नाहीतर जावा-जावा. आईच्या ओट्यावर मात्र सकाळी बसायची ती नात्यातली नव्हे, आमच्या जातीतलीही नव्हे. केळव्याकडच्या वाडीतली बाई. वांगी, शिराळी, केळफूल, अळू, विड्याची पानं, आणि मुख्य म्हणजे फुलं. तगर, मोगरा, सोनचाफा. पहाटे पहिल्या एसटीने यायची आणि साडेबाराच्या गाडीने परत जायची. आई यायची तीनला. म्हणजे तीस वर्षं दोघी एका ओट्यावर बसल्या आणि समोरासमोर भेटल्या असतील हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा. गेल्या काही वर्षांत तर नाहीच. आई तिला "सकालची" म्हणते. ती आईला "दुपारची" म्हणते, हे मला नंतर कळलं.

तुम्ही म्हणाल, फुलं आणि मासे एकाच ओट्यावर? तिथेच तर माझ्या आईचा जीव अडकलेला. संध्याकाळी माल संपला की बाकीच्या बायका एक बादली पाणी ओततात आणि चालू लागतात. माझी आई राख लावून घासणार, मग चिंचेने घासणार, मग पाणी, मग पुन्हा राख. शेवटची एसटी चुकली तरी चालेल. "सकालची फुलां ठेवते तितं. देवाची फुलां. वास लागला तं तिनं काय करायचं?" आणि मग सुक्या बोंबलांची नाहीतर करंदीची एक पुडी, दोन-तीन कागदांत आणि वरून प्लास्टिकमध्ये बांधून, ओट्याच्या खालच्या कोनाड्यात ठेवून यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कोनाड्यात केळीच्या पानाची एक गुंडाळी असायची. कधी अळू, कधी केळफूल, कधी नुसती पाच-सहा विड्याची पानं. माझ्या लग्नाच्या दिवशी मी केसांत घातलेला सोनचाफा त्याच कोनाड्यातून आलेला. ना चिठ्ठी, ना निरोप.

नव्या इमारतीत ओटे द्यायचे म्हणजे आधी बसणाऱ्यांची यादी हवी. त्यासाठी एक मुलगा नेमला, सफाळ्याचा, डिप्लोमा झालेला, अतिशय सज्जन. त्याला सांगितलं होतं, भाजीवाल्या सकाळी असतात तेव्हा भाजीची यादी सकाळी कर, मासळीची दुपारी कर. प्रत्येक ओट्यापुढे उभं राहून त्याने दोनच गोष्टी लिहायच्या. समोर माल कुठला आहे तो डोळ्यांनी बघून लिहायचा, आणि "ही जागा कोणाची?" विचारून सांगतील ते नाव लिहायचं.

त्या दिवशी मंडईत काय गोंधळ झाला म्हणून सांगू! जिथे तिथे "माजी! माजी लिव!" जावा-जावांची जुंपली. एकीने पिंपळाखालची जागा स्वतःच्या नावावर लिहायला लावली, तिथे ती फक्त छत्री टेकवायची. लिंबू-मिरच्यावाल्या भैयाने "मेरा भी लिखो, मैं यहीं खड़ा रहता हूँ" म्हणून त्या मुलाची बाही धरली. मुलगा घामाघूम.

आणि या सगळ्या गदारोळात तो आमच्या ओट्यापुढे सकाळी आला, तेव्हा समोर वांगी आणि मोगरा. त्याने विचारलं, जागा कोणाची? सकाळचीने शांतपणे सांगितलं, "दुपारी बसते तिची." आणि आईचं नाव सांगितलं, आडनावासकट. दुसऱ्या दिवशी तो दुपारी आला, समोर मांदेली आणि बोंबील. जागा कोणाची? माझ्या आईने पाण्याचा हात झटकत सांगितलं, "सकाली बसते तिची." आणि तिचं नाव सांगितलं. मुलाने दोन्ही नावं इमानेइतबारे लिहून घेतली. त्याची काय चूक? काही नाही.

चूक माझी. त्या दोन्ही याद्या टाइप केल्या मी. भाजीच्या यादीत आईचं नाव आलं तेव्हा मी चक्क हसले. आमच्याकडे एकाच नावाच्या आणि आडनावाच्या पाच-सहा बायका सहज सापडतात. मी बाजूच्या टेबलावरच्या मॅडमना म्हटलं सुद्धा, "बघा, माझ्या आईच्या नावाची भाजीवालीपण आहे." मासळीच्या यादीत आईचं नाव दिसलं नाही, तेव्हा वाटलं पुढच्या पानावर असेल. मग जेवायची सुट्टी झाली. मग वीज गेली. मग मी ते विसरले. आता आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

यादी फलकावर लागली, हरकती घ्यायची मुदत आली आणि गेली. एका रविवारी आई बोईसरला घरी आली ती हातात नगरपरिषदेचं पत्र नाचवत. "बाय, वाच. नंबर लागला आपला." मी चहाचा कप बाजूला ठेवून वाचायला लागले. भाजी, फळे व फुले विभाग. खाली अट. नमूद व्यवसायाव्यतिरिक्त इतर माल विकल्यास ओटा परत घेण्यात येईल. ओटा दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही. पुढच्या सभेत अंतिम मंजुरी, त्यानंतर कोणताही बदल नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. सभा आठ दिवसांवर.

"काय लिवलंय?" आई विचारतेय.

"आई," मी म्हटलं, "तुला भाजीचा ओटा दिलाय."

तिने एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि खो-खो हसायला लागली. "मी काय दुदी इकू? माज्या हातचा दुदी कोन खाईल गो? त्याला बोंबलाचा वास येल!" हसता हसता ती थांबली. मग हळूच म्हणाली, "मंग सकालचीला काय दिलानी?"

बघा तिचं! स्वतःच्या पायाखालची जागा चाललीय आणि बाईला काळजी सकाळचीची. मी मोबाइलवर यादी काढली. मासळी विभागात सकाळचीचं नाव. मोगरा विकणारीला मासळीचा ओटा! आता मात्र आई हसली नाही. पदराने तोंड पुसून खाली बसली आणि म्हणाली, "आग, ती कशी बसल तितं? तिची फुलां..."

माझा राग उफाळला. "आई, तू त्या मुलाला काय सांगितलंस?"

"त्यानं इचारलान जागा कोनाची. मी सांगितला सकालचीची. खोटा कशाला बोलू?"

"तीस वर्षं तू बसतेस ना तिथे!"

"बसते. म्हनून काय माजी झाली?"

मी कपाळाला हात लावला. नवरा आतल्या खोलीत हसू दाबत होता ते मला ऐकू येत होतं. त्याला नंतर बघितलंच मी.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकारी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं, माझ्या टाइपिंगसकट. साहेब बाहेरून बदलून आलेले, पण माणूस चांगला. आईची कोळंबी त्यांनाही आवडते. ते म्हणाले, "मॅडम, मी एकटा नाव बदलू शकत नाही. उद्या सगळेच येतील नाव बदला म्हणून. दोघींना सभेत बोलवा. सभेसमोर सांगू देत कोणाचं काय. सभेला पटलं तर दुरुस्ती होईल. नाही पटलं, किंवा दोघींचं एकमेकींशी जुळलं नाही, तर दोन्ही ओटे सोडतीत टाकावे लागतील." सोडतीसाठी किती लोक टपून बसले होते ते मला ठाऊक होतं. त्यांचे अर्ज माझ्याच कपाटात होते.

मग पुढचा अख्खा आठवडा मी आईची शिकवणी घेतली. रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की मंडईत जाऊन तिच्या पाटीशेजारी उकिडवी बसायची आणि विचारायची, "जागा कोणाची?"

"माजी," आई म्हणायची, पण अशी, की जणू कुणी तिच्याकडून कबुलीजबाब घेतोय.

"जोरात!"

"माजी गो बाय, माजी! आता सरक, गिराईक आलाय."

शेजारच्या मच्छीवाल्यांना चांगलीच करमणूक झाली. येता-जाता त्याही ओरडायच्या, "दुपारचे, जागा कोनाची?" आणि आई त्यांच्यावर माशाचं पाणी उडवायची. मी घरी जाताना दर वेळी बजावायची, "आई, सकाळचीचं काय व्हायचं ते होईल. तू तुझं बघ." हे वाक्य मी तेव्हा किती सहज बोलून गेले! आई चिंचेचा गोळा घेऊन ओटा घासत राहायची.

सभेचा दिवस उजाडला. विषयपत्रिकेवर आमचा विषय सातवा. त्याआधी एका गटाराची उंची, एका रस्त्याचं नाव आणि घरकुलांच्या यादीवरून भरपूर खडाजंगी. आई मागच्या बाकावर नवं लुगडं नेसून बसली होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक उंच, शेलाटी बाई, पांढऱ्या केसांत मोगऱ्याचा छोटा गजरा. दोघींच्या मधे तीन-चार माणसांची जागा रिकामी. मला वाटलं दोघी बोलत असतील. बोलत कसल्या, एकमेकींकडे चोरून बघत होत्या. आणि आईने हळूच नाक वर करून वास घेतलेला मी स्पष्ट पाहिला. तीस वर्षं पानांच्या गुंडाळीतून येणारा वास तो. तिने ओळखलं.

सातवा विषय आला. दोघींना पुढे बोलावलं. नगराध्यक्षांनी चष्मा वर करून आईला विचारलं, "मावशी, घाबरू नका. सरळ सांगा. ती जागा कोणाची?"

मी पेन कागदावर टेकवून बसले. आईने माझ्याकडे बघितलं. मग बाजूला उभ्या सकाळचीकडे बघितलं, अगदी नीट, पायापासून गजऱ्यापर्यंत. आणि म्हणाली, "हिची."

"आई!"

हे मी ओरडले. भर सभेत. इतिवृत्त लिहिणारीने बोलायचं नसतं, आणि मी किंचाळले! सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. एक नगरसेवक झोपला होता, तो दचकून "मंजूर, मंजूर" म्हणाला. मी लालबुंद. साहेबांनी हाताने खुणावलं, बसा. मी बसले. पण डोळ्यांत पाणी आलं ते काही थांबेना.

नगराध्यक्ष सकाळचीकडे वळले. "मग ही जागा तुमची?"

"माजी कशी व्हईल?" ती म्हणाली. आवाज बारीक, पण ठाम. "हिची हाय."

मुख्याधिकारी साहेबांनी यादी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे भाजीची जागा ह्या म्हणतात त्यांची, आणि मासळीची जागा त्या म्हणतात ह्यांची... अहो, म्हणजे यादी बरोबरच आहे की!"

सभागृहात असा हशा उसळला की बाहेरचा शिपाई आत बघायला आला. मला मात्र हसू येईना. माझ्या डोळ्यांसमोर सोडतीची बरणी दिसत होती.

"थांबा हो," नगराध्यक्ष म्हणाले. "मावशी, तुम्ही तीस वर्षं तिथे बसता. मग यांची का म्हणता?"

आईने पदर खोचला. तिला एकदा विचारलं की मग ती कुणाच्या बापाला ऐकत नाही. "मी पयल्यांदा दांडीशी आली तवा मला कोन बसाया देईना. सगल्या म्हनायच्या, पुडं जा, पुडं जा. तवा हिनं सांगितला, मी साडेबाराला उटते, तू बस माज्या जागेवर. हिची नसती तं हिनं दिली कशी आसती?"

सकाळची मान हलवत होती, नाही नाही म्हणून. "दिली व्हती. पन मागं माज्या मालकाला अर्धांग झाला तवा दोन वर्सं मी वाडीतनं भायेर पडली नाय. मोबायलच्या कव्हरवाला, कपड्यावाला, सगले बसाया बगत व्हते म्हने. हिनं कोनाला बसू दिला नाय. सकाली ओटा रिकामा ठेवला. दोन वर्सं! मी परत आली तं ओटा धुतलेला, आनि खाली पुडी." ती अध्यक्षांकडे वळली. "मंग सांगा, कोनाची जागा?"

आता कुणी हसलं नाही. मलाही हे ठाऊक नव्हतं. आईने कधी सांगितलंच नाही. त्या दोन वर्षांत ती कधीकधी पहिल्या एसटीने मंडईत जायची, आणि मी, तिची लेक, तिच्यावर चिडायची, की आई एवढ्या पहाटे कशाला जातेस, तू तर दुपारी बसतेस! ती म्हणायची, "काम हाय." मला शरम वाटली. गेला आठवडाभर मी हिला शिकवत होते, तू तुझं बघ म्हणून.

शेवटी गुंता सोडवला तो नगरसेविका असलेल्या एका आजीबाईंनी, ज्या एरवी सभेत विणकाम करतात. त्या म्हणाल्या, "अहो अध्यक्ष, जागा कोणाची विचारत बसलात तर संध्याकाळ होईल. पाटीत काय आणता, ते विचारा की."

नगराध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही काय विकता?"

"मावरां," आई म्हणाली.

"तुम्ही?"

"भाजी नि फुलां."

"झालं तर मग! दोघींची नावं आपापल्या यादीत घ्या. दोन मुलखावेगळ्या बायका, दोन ओटे. विषय मंजूर." बाकं वाजली. झोपलेले नगरसेवक या वेळी जागे होते, त्यांनी सगळ्यात जोरात वाजवलं. मी इतिवृत्तात लिहिलं: "दोन्ही संबंधितांनी एकमेकींचा हक्क मान्य केला. सबब यादीत दुरुस्ती करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे." एवढं बरोबर वाक्य मी नोकरीत दुसरं लिहिलेलं नाही.

बाहेर व्हरांड्यात दोघी उभ्या. मला वाटलं आता गळ्यात गळे पडतील. आई म्हणाली, "गजरा चांगला हाय." सकाळची म्हणाली, "करंदी गेल्या हप्त्याला खारट व्हती." आणि दोघी अशा हसल्या की मीसुद्धा हसले. मग सकाळचीची साडेबाराची गाडी केव्हाच चुकली होती म्हणून मी तिला स्टँडवर सोडायला गेले.

नवी मंडई व्हायला दीड पावसाळा गेला. तोवर रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघींनी पुन्हा एकच जागा घेतली, सकाळ-दुपार, सवयीप्रमाणे. मग इमारत झाली, फीत कापली, भाषणं झाली. आईला मासळी विभागात तिचा स्वतःचा ओटा, पांढऱ्या टाइल्सचा, वर पंखा. भिंतीपलीकडे भाजी विभागात सकाळचीचा. दोघींच्या ओट्यांवर आता दुसऱ्या कुणी बसायचं नाही. आईच्या ओट्याला सकाळी कुलूप असल्यासारखंच.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी बघायला गेले तर आई राख लावून ओटा घासतेय. मग चिंच, मग पाणी, मग पुन्हा राख. मी म्हटलं, "अगं आई, आता सकाळी इथे कोण येणारेय? नुसतं पाणी मार आणि चल. एसटी जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि घासत राहिली. एरवी मला राग आला असता, पण या वेळी आला नाही. मी चपला काढल्या, साडी वर खोचली आणि पाणी ओतायला लागले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एक टिपण माझ्या टेबलावर आलं. नव्या मंडईच्या स्वच्छता मुकादमाने लिहिलेलं. मासळी विभागातील अमुक क्रमांकाच्या ओट्याखाली दररोज रात्री एक बेवारस पुडी आढळते. सकाळी पाहिले असता पुडी नाहीशी होऊन त्या जागी केळीच्या पानात गुंडाळलेली वस्तू आढळते. हे कृत्य अज्ञात इसमाचे असून योग्य ती कार्यवाही व्हावी. साहेबांनी खाली लिहिलं होतं, लिपिकांनी पाहणी करून शेरा द्यावा.

मी सकाळी लवकर गेले. मासळी विभाग रिकामा, टाइल्स चकचकीत. भिंतीच्या पलीकडून सकाळची आली, फुलांची पाटी तिकडेच ठेवून. पदराआडून केळीच्या पानाची गुंडाळी काढली, वाकून कोनाड्यात ठेवली, पुडी उचलून कमरेला खोचली, आणि मग ओट्यावर एकदा हात फिरवून तो हात नाकाशी नेला. वास बघितला. समाधान झालं तशी गेली. मला तिने पाहिलं नाही.

ऑफिसला येऊन मी टिपणावर शेरा लिहिला, "सकाळी सात वाजता समक्ष पाहणी केली. वस्तू बेवारस नाही. ओट्याची मालकीण स्वतः येऊन घेऊन जाते."

साहेबांनी तो शेरा वाचला. आईचं नाव असलेला तो ओटा आणि सकाळी सातची वेळ, दोन्ही त्यांनी नीट पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता सही केली.